ताडेलाक्त: माराकेशचा घोटीव चुना आपल्या न्हाणीघरात चालेल का?

वास्तुवेडी

वाईजवळ घर बांधतोय. भिंती भाजक्या विटांच्या, जोडकाम आणि गिलावा सगळा चुन्याचा, सिमेंट फक्त पायात, आडव्या पट्ट्यांत आणि स्लॅबला. सगळं सुरळीत चाललं होतं, आता न्हाणीघरापाशी घोडं अडलंय. गवंडी म्हणतात, "ताई, इथं तरी टाइल्स लावा. चुना पाण्यात टिकत नाही."

मला हे पटत नाही. मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये पिढ्यानपिढ्या हमामच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांच्या भिंतींना, हौदांना, कारंज्यांना चुनाच लावतात आणि तो वाफेत, पाण्यात टिकतो. त्या कामाला ताडेलाक्त म्हणतात. माराकेशच्या आसपासचा चुना, त्यात मातीचे रंग, नदीतल्या गुळगुळीत दगडाने केलेली घोटाई आणि वरून ऑलिव्हच्या तेलाचा साबण. बाकी काही नाही. सांधा नाही, कोपरे गोल, आणि भिंतीला आतून आल्यासारखी तकाकी.

टाइल्सशी माझं वैर नाही. पण सांध्यांत काळं धरतं, ग्राउट निघतं, मागे पाणी शिरतं आणि पलीकडच्या खोलीत ओल दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय सगळं घर चुन्याचं करायचं आणि जिथे चुन्याची खरी परीक्षा आहे तिथेच माघार घ्यायची, हे मनाला लागतं.

हा चुना कुणी हाताळलाय का? अशा न्हाणीघरात कुणी राहिलंय का? आपल्या पावसाळी हवेत त्याचं काय होईल? आणि चुना तिथलाच लागतो, की आपला चालतो?

खमंग_शेव

आम्हाला बिल्डरने आधीच लावलाय, तोही पार्किंगसकट. तुमचं वाचतोय, फोटो टाका.

देवगडकर

गवंड्याचं ऐका. माराकेशची हवा कोरडी. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. वाई कोकण नसली तरी पाऊस तिथेही कमी नाही. मोरोक्कोत टिकतं म्हणून इथे टिकेल हे कशावरून? आणि दुसरा मुद्दा: आपल्याकडे बाथरूम ॲसिडने धुतात. चुना आणि ॲसिड एकत्र आले की काय होतं ते शाळेत शिकलोय.

वास्तुवेडी

@देवगडकर, ॲसिडचा मुद्दा एकदम मान्य, तो माझ्या यादीत वरच आहे. हवेबद्दल मात्र शंका आहे. हमामच्या आत बाराही महिने पावसाळ्याहून जास्त दमट असतं की!

जदीदाकर

मी नोकरीमुळे मोरोक्कोत, अटलांटिकच्या किनाऱ्यावर अल जदीदाला राहतो. जवळ जॉर्फ लास्फरला फॉस्फेटचे मोठे कारखाने आहेत, त्यातल्या एकात भारतीय कंपन्यांची भागीदारी आहे, त्यामुळे आपली माणसं इथे बरीच. ताडेलाक्तचं काम मी माराकेशच्या मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, एका रियादच्या दुरुस्तीत पाहिलंय. रियाद म्हणजे मधे चौक आणि झाडं असलेलं, रस्त्याकडे पाठ केलेलं घर. जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

उस्ताद कारागिराला तिथे मअल्लिम म्हणतात. भिंतीला चुना-वाळूचा खरबरीत हात आधीच मारून, पक्का होऊ दिलेला होता. सकाळी त्यावर पाणी मारलं, भिंतीने पिणं थांबवेपर्यंत. चुना आदल्या दिवशीच पाण्यात कालवून ठेवलेला, रंगही त्यातच. माराकेशच्या भिंतींचा तो लालसर गेरू. पहिला हात लाकडी गुरमाळ्याने, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेर. तो जरा आवळला की त्यावरच दुसरा, पातळ.

त्यानंतर बराच वेळ कुणी भिंतीला करणी लावत नाही. उस्ताद पुदिन्याचा चहा पीत बसला होता, पण सारखा उठून भिंतीला अंगठा लावून बघायचा. ठसा उमटतोय तोवर थांबायचं. ठसा उमटेनासा झाला, पण नखाने ओरखडा उठतोय, अशी वेळ आली आणि सगळे एकदम कामाला लागले. दगड तळहातात मावेल एवढा, एक बाजू सपाट आणि कडा गोल झालेल्या. छोटे छोटे गोल फिरवत, खांद्याचा जोर लावून घासायचं. सुरुवातीला खसखस आवाज येतो. चुना दाबला जाऊन घट्ट होत गेला की आवाज बारीक होतो, शेवटी काचेवर दगड फिरवल्यासारखा. उस्तादाची पाठ शिकाऊ पोराकडे होती, तरी तो आवाजावरून सांगत होता, "वर, डावीकडे, अजून झालं नाही."

मग काळा साबण. हमाममध्ये लोक अंगाला चोळतात तोच, ऑलिव्हचा, मऊ आणि गडद. पाण्यात विरघळवून ब्रशने भिंतीला लावला, आणि साबण ओला असतानाच पुन्हा दगड. हे झाल्यावर भिंतीला जी झाक येते ती फोटोत येत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एक भिंत एका दमात पुरी करावी लागते. मधेच थांबलात तर तिथला सांधा कायमचा दिसतो. म्हणून मोठ्या भिंतीला तीन-चार माणसं लागतात, आणि सगळ्यांचा जोर सारखा लागतो.

नीलिमा_प

जदीदाकर, अंगठ्याचा आणि आवाजाचा भाग वाचून डोळ्यांसमोर उभं राहिलं. अजून लिहा.

रसायनवाला

साबणाने नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे देवगडकरांच्या शंकेचा अर्धा भाग सुटेल.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदून विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. चुन्याची कुठलीही भिंत म्हणजे मूळ दगडाकडे चाललेला परतीचा प्रवास, आणि तो सावकाशच होतो.

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा क्षार, काळ्या साबणात पोटॅशियमचा. ताज्या चुन्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की कॅल्शियमचा साबण होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांनी हा पदार्थ रोज पाहिलेला असतो. साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर धरतो, तोच हा. भिंतीवर तो चुन्याच्या बारीक छिद्रांत बसतो, दगडाने आणखी आत दाबला जातो. पाण्याचा थेंब आत शिरत नाही, घरंगळतो. वाफ मात्र भिंतीतून आतबाहेर करू शकते. ऑइल पेंट किंवा इपॉक्सीमध्ये ती कोंडते आणि मग पापुद्रे निघतात.

यावरून वेळेचं महत्त्वही कळेल. चुना ताजा असतानाच साबण लागला पाहिजे. वर्षभर जुन्या भिंतीला साबण फासला तर तेवढं मोकळं कॅल्शियमच उरलेलं नसतं.

पावसाबद्दल: चुन्याला पक्कं व्हायला थोडी ओल लागतेच, अगदी कोरड्या हवेत तो नुसता सुकतो आणि भुसभुशीत राहतो. पण छिद्रं पाण्याने गच्च भरलेली असतील तर हवा आत जात नाही आणि काम रेंगाळतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, आणि एप्रिल-मेच्या रखरखाटातही नको. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. झाल्यावर महिनाभर त्या न्हाणीघरात आंघोळ नाही.

देवगडकर

रसायनवाला, बादलीवरचा थर आणि ही भिंत एकच, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. हवेचा आक्षेप मागे घेतो. ॲसिडचा नाही.

अंजू_गेंट

बेल्जियममध्ये राहते. आम्ही घर घेतलं तेव्हा शॉवरच्या भिंती ताडेलाक्तच्याच होत्या, आधीच्या मालकांनी करून घेतलेल्या. त्यामुळे लावण्याचं मला काही ठाऊक नाही, रोज वापरण्याचं सांगू शकते.

आवडतं ते आधी. भिंत हाताला गार लागत नाही आणि चिकटही नाही. कुठे सांधा नसल्याने घासाघीस नाही. सकाळचा उजेड तिरपा पडला की घोटाईच्या लाटा दिसतात, एक जागा दुसरीसारखी नाही.

आता जपायचं काय. पाणी अंगावरून वाहून गेलेलं तिला चालतं, साचलेलं नाही. आमच्याकडे शॅम्पूच्या बाटल्या ठेवायला भिंतीतच कोनाडा आहे आणि त्याचा तळ सपाट ठेवलाय. तिथे बाटल्यांखाली ओल राहून गोल डाग पडलेत, तेवढी जागा खरखरीत झालीय. कोनाडे करणार असाल तर तळाला बाहेरच्या बाजूला उतार द्या, किंवा दगडाची चीप बसवा. केसासारख्या बारीक रेघाही सगळीकडे आहेत. त्या असतातच, त्यातून पाणी जात नाही. पण ज्यांना एकसारखी कोरी भिंत हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये.

धुवायला सौम्य साबण आणि मऊ फडकं. व्हिनेगर, लिंबू, ब्लीच, तारेची घासणी यांना बंदी. अधूनमधून काळ्या साबणाचं पाणी लावायचं, म्हणजे छिद्रं पुन्हा भरतात. आणि नळ, हुक, टॉवेलची दांडी कुठे येणार ते आधी ठरवा. नंतर ड्रिल मारून चूक झाली तर ठिगळ लपत नाही.

खमंग_शेव

म्हणजे सासूबाईंना सांगावं लागणार, "आई, इथे लिंबू नाही, खरखरीत घासणी नाही, ॲसिड नाही." भिंत आधी टिकेल की संसार?

मृद्गंधा

@खमंग_शेव, हसले, पण प्रश्न खरा आहे. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशींना आधीच्या घरांमधून ॲसिडची सवय असते. त्यांना दोष काय देणार, डाग राहिला तर बोलणी त्यांनाच बसतात. अशी भिंत करायची तर साबणाची बाटली भरून तिथेच ठेवायची, बाकीच्या बाटल्या घरात आणायच्याच नाहीत, आणि मावशींसमोर एकदा स्वतः धुऊन दाखवायचं. मातीच्या घराचं असंच करतो आम्ही.

वास्तुवेडी, तुमच्याकडे पाणी जड आहे का? जड पाण्याचे पांढरे डाग टाइल्सवरून ॲसिडने जातात. इथे तो मार्गच बंद. आंघोळ झाल्यावर भिंतीवरून वायपर फिरवायची सवय लावावी लागेल.

चुनखडी_चंदू

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सध्या कॅटलॉगमध्ये "ताडेलाक्त फिनिश" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मायक्रोसिमेंट किंवा ॲक्रिलिकचा लेप असतो, वरून मेण नाहीतर सीलर. दिसायला बरं असेल, पण त्यात चुन्याची हवा घेणारी भिंत नाही, साबण नाही आणि दगडाची घोटाईही नाही. ज्या कामात माणसाचे खांदे भरून येतात त्याचं नाव एका डब्यावर चिकटवून विकायचं, याचा मला मनापासून राग येतो.

माझं मत कडक आहे. माराकेशचा चुना नसेल तर त्याला ताडेलाक्त म्हणू नये. तिथल्या चुनखडीत माती आणि सिलिका नैसर्गिक असते. पारंपरिक भट्टीत ती सगळीकडे सारखी भाजली जात नाही, त्यामुळे चुन्यात न भाजलेले बारीक कण उरतात आणि तेच वाळूचं काम करतात. म्हणून त्यात वेगळी वाळू न घालताही तो जाड हाताला तग धरतो.

सागरगोटा

चंदूदादा, डब्याबद्दल शंभर टक्के सहमत. चुन्याबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो, माझं काम जुन्या इमारतींच्या गिलाव्याचंच आहे.

तुम्ही जे वर्णन केलंत त्याचं सार हे, की तो चुना थोडा पाण्यातही पकडणारा, म्हणजे घट्ट होणारा आहे आणि त्यात स्वतःचे कण आहेत. बाजारात मिळणारा शुद्ध पांढरा चुना तसा नाही. तो नुसता लावला तर आकसतो आणि तडे जातात. म्हणून युरोपात बरेच कारागीर नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यात पकडणारा चुना आणि संगमरवराची भुकटी मिसळून काम करतात. तेही चांगलं होतं.

पण आपल्याकडे कंकर आहे! काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे. त्यांच्यात माती असते, त्यामुळे ते भाजून मिळणारा चुना पाण्यात पकडतो. जुन्या बांधकामांत तो भरपूर वापरलाय. कंकराचा चांगला भाजलेला चुना, बारीक चाळलेला, त्यात संगमरवराची भुकटी, आणि मुरायला पुरेसा वेळ. माझ्या मते रंग सोडला तर माराकेशच्या चुन्याच्या सगळ्यात जवळ आपण याच वाटेने जाऊ. कंकराचा चुना करडा येतो, त्यामुळे फिके रंग मिळणार नाहीत. गेरू छान खुलेल.

नावाचं म्हणाल तर तुमचं बरोबर. त्याला घोटीव चुना म्हणूया आणि विद्या माराकेशच्या मअल्लिमांची आहे हे सांगूया.

चुनखडी_चंदू

हे मान्य. कंकराचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. नाव वेगळं ठेवणार असाल तर माझा विरोध संपला.

मराठवाडी_मन

घोटीव चुन्यासाठी इतक्या लांब कशाला, आमच्याकडे या. बीबी का मकबरा पाहणारे बहुतेक जण तो सगळा संगमरवराचा समजतात. संगमरवर खाली भिंतीच्या कमरेपर्यंत आणि वर घुमटाला. मधलं बांधकाम काळ्या बेसॉल्टचं, आणि त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा आणि नक्षी. १७व्या शतकातलं काम. त्या काळी इथल्या हातांना हे येत होतं.

सागरगोटा

अगदी. राजस्थानातली आराईशही त्याच घराण्यातली. विरवलेला चुना कित्येक महिने पाण्याखाली मुरवतात, पाणी बदलत राहतात, संगमरवराची भुकटी, दही-गूळ वगैरे घालतात, अकीकाच्या दगडाने घोटतात आणि शेवटी खोबऱ्याचं तेल. चेट्टिनाडमध्ये अंड्याचा पांढरा बलक. सगळीकडे धडपड एकच, चुना दाबून घट्ट करायचा आणि त्यात काहीतरी स्निग्ध किंवा चिकट मुरवायचं. माराकेशने त्यासाठी साबण निवडला आणि थेट स्नानगृहापर्यंत मजल मारली. आराईश मुख्यतः दिवाणखान्याची. म्हणून न्हाणीघराचा प्रश्न असेल तर माराकेशचीच शिकवणी घ्यायला हवी.

नीलिमा_प

विषयांतर करते, माफ करा. जदीदाकर, हमामची भट्टी रात्रंदिवस चालू असते ना? तिच्या राखेत मांस शिजवतात असं ऐकलंय.

जदीदाकर

हो, तंजिया! माराकेशची खासियत. उभट मातीच्या मडक्यात मांस, खारवलेलं लिंबू, लसूण, जिरं, केशर, आणि स्मेन, म्हणजे मुरवलेलं लोणी. तोंड कागदाने बांधायचं आणि मडकं हमामच्या भट्टीवाल्याकडे नेऊन द्यायचं. तो ते गरम राखेत पुरतो, कित्येक तासांनी घेऊन जायचं. पूर्वी हे पुरुषांचं, विशेषतः कारागिरांचं जेवण. एकाच आगीवर गल्लीची आंघोळही आणि जेवणही.

खमंग_शेव

आता धागा माझ्या विषयावर आला. अलिबागच्या पोपटीवर पण कुणीतरी लिहा.

देवगडकर

पोपटीला वेगळा धागा काढा, मी येतो. इथे न्हाणीघराचं होऊ दे.

मांडवीकाठ

गोव्यातून. जदीदाकर, तुमच्या अल जदीदाचं आणि आमचं नातं आहे. पोर्तुगीज त्याला मझगाव नाही, मझागान म्हणत, १७६९पर्यंत त्यांच्या ताब्यात होतं. त्या किल्ल्यातलं भूमिगत पाण्याचं टाकं पाहायची फार इच्छा आहे.

चुन्याबद्दल एक सांगायचं आहे. गोव्यात शिंपल्यांचा चुना भाजत आणि जांभ्याच्या भिंतींना लावत. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला. लाल जांभा उघडा छान दिसतो म्हणून लोक फोटो काढतात, पण सच्छिद्र दगड दर पावसाळ्यात झिजतोय आणि जाणकार गिलावा परत लावा म्हणून सांगताहेत. चुन्याला लोक सजावट समजतात, तो भिंतीचं कातडं आहे. वास्तुवेडी, तुम्ही हट्ट सोडू नका.

जदीदाकर

@मांडवीकाठ, ते टाकं माझ्या घरापासून जवळच आहे. खांबांवर पेललेलं छत, मधल्या गोल झरोक्यातून येणारा उजेड, आणि जमिनीवर पाण्याचा पातळ थर. या, मी दाखवेन.

किल्लारीचा

एक गंभीर गोष्ट. ८ सप्टेंबर २०२३ला मोरोक्कोत ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, ॲटलासमधली गावंच्या गावं गेली आणि माराकेशच्या जुन्या शहरातही पडझड झाली. मी लातूरकडचा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आमच्या घरातून अजून गेलेली नाही. तेव्हा माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरच्या धाब्याचं ओझं लोकांच्या अंगावर आलं. त्यानंतर आमच्याकडे माती, चुना हे शब्दच नकोसे झाले.

धागा वाचून मला आनंदच होतोय. पण भिंत चुन्याची असो की मातीची, तिला बांधून ठेवणारे पट्टे, कोपऱ्यांची सांधणी आणि हलकं छत आधी बघा. गिलावा त्यानंतर.

वास्तुवेडी

@किल्लारीचा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे जोत्याला, दारांच्या वर आणि स्लॅबखाली असे आडवे काँक्रीटचे पट्टे घेतलेत, कोपऱ्यांत उभ्या सळ्या आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने आराखडा करून दिलाय. पण तुम्ही म्हणालात म्हणून कोपऱ्यांचं काम पुन्हा एकदा त्यांना दाखवून घेते.

मृद्गंधा

कुणी लिहिलं नाही म्हणून: चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घोटाई करताना तोंड भिंतीजवळ असतं. गॉगल आणि रबरी हातमोजे सगळ्यांना, गवंड्यांच्या मदतनिसांनाही. गेलाच तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टर. कळीचा चुना विरवताना लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका, तो उकळतो.

वास्तुवेडी

सगळं गवंड्यांना वाचून दाखवलं. जदीदाकरांचा अंगठ्याचा भाग ऐकून त्यातले वयस्कर काका म्हणाले, "मग हे तर आमच्या वडिलांचं काम. देवळाच्या गाभाऱ्याला ते असंच घोटायचे, गारगोटीनं." इतके दिवस टाइल्स लावा म्हणणारे तेच काका आता रविवारी कृष्णेच्या पात्रात दगड शोधायला जाणार आहेत.

आतापर्यंतचा विचार असा. जमिनीला ताडेलाक्त नाही, तिथे शहाबादी फरशी, नीट उतार देऊन. शॉवरच्या दोन भिंती आणि बेसिनमागची पट्टी घोटीव चुन्याची. बाकीच्या भिंतींना साधा चुना. कमोडच्या बाजूला टाइल्स, म्हणजे तिथे हवं ते साफसफाईचं सामान वापरता येईल. काम दिवाळीनंतर. त्याआधी मागच्या अंगणातल्या भिंतीवर एक नमुना.

दोन प्रश्न उरलेत. ऑलिव्हचा काळा साबण इथे महाग पडतोय, दुसरं काही चालेल का? आणि रंग किती घालायचा?

रसायनवाला

हवा तो शुद्ध तेलाचा साबण. नुसतं तेल आणि कॉस्टिक, बाकी काही नाही. डिटर्जंट अजिबात नको, त्याच्याने पाण्याला अडवणारा थर बनत नाही, उलट पाणी आत ओढलं जाईल. ऑलिव्हचा साबण चांगला कारण त्यात ओलेइक आम्ल भरपूर. पोटॅशने केलेला मऊ साबण पाण्यात सहज विरघळतो म्हणून सोयीचा. मोठी भिंत असली तरी साबण थोडाच लागतो, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

रंग खनिजच घ्या, गेरू, पिवळी माती, लोहाचे ऑक्साइड. बाकीचे चुन्याच्या तिखटपणापुढे उडतात. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर गिलावा कमजोर होतो. आणि एका भिंतीचा सगळा चुना एकाच वेळी कालवा, दुसऱ्या घमेल्यात तीच छटा परत जमत नाही.

सागरगोटा

नमुना सरळ भिंतीवर करू नका. त्यात एक आतला कोपरा, एक बाहेरचा कोपरा आणि एक छोटा कोनाडा घ्या, आणि मधून नळाचा तुकडा बाहेर काढा. सपाट भिंत कुणालाही जमते. घोटाई फसते ती गोल कोपऱ्यात, जिथे दगडाची कड टेकत नाही. त्यासाठी काकांना पात्रातून दोन दगड आणायला सांगा, एक सपाट पोटाचा आणि एक लांबुळका, बोटाएवढा. महिन्याने त्या नमुन्यावर रोज बादलीभर पाणी ओता, आणि एका कोपऱ्यात मुद्दाम लिंबू पिळून ठेवा. घरातल्या सगळ्यांना तो डाग एकदा बघू दे.

देवगडकर

लिंबाच्या डागाचा फोटो इथे टाका. मला माझ्या घरी दाखवायचा आहे.